धर्माच्या गाईचे दात : शाळांसाठी जुने संगणक दुरुस्त करण्याच्या प्रथेचा इतिहास

कार्यालयाने वापरातून काढलेला संगणक तपासायचा, त्यातली माहिती पुसायची, बिघडलेले भाग बदलायचे आणि तो गरीब वस्तीतल्या किंवा आडबाजूच्या शाळेला द्यायचा, ही प्रथा १९८० च्या दशकात अमेरिकेत रुजू लागली. पुढच्या दोन-तीन दशकांत ती कॅनडा, ब्रिटन, कोलंबिया, केनिया, नामिबिया आणि गोवा अशा एकमेकांपासून फार वेगळ्या ठिकाणी पोहोचली. कुठे तिची सरकारी योजना झाली, कुठे ती निवृत्त तंत्रज्ञांच्या आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालली. जुना संगणक फुकट मिळतो, पण शाळेत चालता संगणक फुकट मिळत नाही, हा अनुभव मात्र सगळीकडे सारखाच आला. या दोहोंच्या मधले काम कोणी करायचे, त्याचे पैसे कोणी भरायचे आणि शेवटी उरणाऱ्या भंगाराची जबाबदारी कोणावर, हे ठरवता ठरवता या प्रथेला आजचे रूप आले.

अडगळीच्या खोलीतून शाळेकडे

आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि काही वर्षांतच अमेरिकी कार्यालयांतली टेबले संगणकांनी भरली. त्यानंतर दर तीन-चार वर्षांनी नवा प्रोसेसर येऊ लागला. प्रत्येक नव्या प्रोसेसरबरोबर नवे सॉफ्टवेअर आले आणि ते जुन्या यंत्रावर रखडू लागले. हिशेबाच्या वहीत अशा यंत्राची घसारा वजा जाता किंमत शून्यावर येत असे, पण यंत्र मात्र धडधाकट असे. पत्र टाइप करणे, बेरजा करणे, शब्दखेळ खेळणे ही कामे ते आणखी पाच-सहा वर्षे सहज करू शकले असते. कंपन्यांच्या अडगळीच्या खोल्यांत असे संगणक साचत गेले आणि त्याच शहरांतल्या गरीब वस्त्यांच्या शाळांना एक संगणक घेणेही परवडत नव्हते.

या दोन टोकांची गाठ घालणाऱ्या सुरुवातीच्या संस्थांत नॅशनल क्रिस्टिना फाउंडेशनचे नाव येते. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका मुलीचे नाव देण्यात आले. अपंग आणि वंचित विद्यार्थ्यांपर्यंत वापरलेले संगणक पोहोचवणे हे तिचे काम होते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात डेटविलर फाउंडेशनने ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. दुरुस्तीला माणसे कुठून आणायची, ही अडचण या उपक्रमाने तुरुंगाच्या कार्यशाळांत सोडवली. कैद्यांना तिथे संगणक दुरुस्तीचे प्रशिक्षण मिळे आणि त्यांच्या हातून तयार झालेली यंत्रे शाळांत जात.

सरकारने या कामात उतरण्याचे पहिले मोठे उदाहरण कॅनडाचे. १९९३ मध्ये तिथल्या उद्योग खात्याने ‘टेलिफोन पायोनियर्स’च्या सोबतीने ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स’ याच नावाची योजना आखली. टेलिफोन पायोनियर्स ही दूरध्वनी कंपन्यांतल्या जुन्या आणि निवृत्त कर्मचाऱ्यांची, १९११ पासूनची संघटना. आयुष्यभर तारा जोडलेल्या, एक्स्चेंज सांभाळलेल्या या माणसांचा सोल्डरिंगवर हात बसलेला होता आणि निवृत्तीमुळे वेळही होता. सरकारी खात्यांनी जास्तीचे संगणक आधी या योजनेला देऊ करावेत, असा नियम झाल्याने मालाचा पुरवठा नियमित झाला. पुढे तरुणांना पगारी उमेदवारीवर घेऊन दुरुस्तीचे काम शिकवण्याची जोड मिळाली. या योजनेतून दहा लाखांहून अधिक संगणक शाळा, वाचनालये आणि सेवाभावी संस्थांपर्यंत गेले. नंतरच्या काळात तिची व्याप्ती कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपर्यंत वाढवण्यात आली.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १७ एप्रिल १९९६ रोजी काढलेल्या १२९९९ क्रमांकाच्या आदेशाने केंद्रीय खात्यांना जास्तीचे संगणक शाळांकडे वळवायला सांगितले. त्यात गरजू भागांतल्या शाळांना प्राधान्य होते. पुढच्याच वर्षी, १९९७ च्या करकायद्यात शाळांना संगणक देणाऱ्या कंपन्यांसाठी वाढीव वजावट आली, पण एका अटीवर. संगणक दोन वर्षांहून जुना नसावा. २००० मध्ये ही मर्यादा तीन वर्षांची झाली. ‘धर्माच्या गाई आणि दात का गे नाही’ अशी म्हण मराठीत आहे. फुकट मिळालेल्या गाईच्या तोंडात दात आहेत की नाहीत, याची चौकशी करू नये, असा तिचा रोख. संगणकांच्या दानात मात्र दात मोजणे भागच होते, आणि ते मोजण्याचा पहिला ठळक प्रयत्न या वयाच्या अटीत दिसतो. करसवलत मिळवण्यासाठी कोणी आपले भंगार शाळेच्या गळ्यात मारू नये, हा त्यामागचा विचार होता.

दुरुस्तीच्या टेबलावर

दान आलेला संगणक दुरुस्तीच्या केंद्रात पोहोचला की पहिले काम निवडीचे. कॅबिनेट उघडले की आत वर्षानुवर्षांची धूळ आणि पंख्याच्या पात्यांवर काजळीचा थर दिसतो. ब्लोअरने ती उडवली की मदरबोर्ड नीट पाहता येतो. कपॅसिटरची डोकी फुगलेली असली, त्यातून तपकिरी द्रव पाझरलेला असला, तर तो बोर्ड बहुधा बाजूला जातो. २००० च्या आसपास आणि त्यानंतरची काही वर्षे बाजारात आलेल्या सदोष कपॅसिटरांमुळे असे बोर्ड फार मोठ्या संख्येने निकामी झाले. यंत्र चालू होऊन पडदा काळाच राहिला, तर रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा साध्या खोडरबराने घासून पुन्हा बसवतात. कित्येकदा एवढ्यावरच संगणक सुरू होतो. घड्याळ दर वेळी कित्येक वर्षे मागे जात असेल, तर रुपयाच्या नाण्याएवढी, तीन व्होल्टची सेल संपलेली असते. ती बदलायला मिनिट लागते.

ज्या यंत्रात काहीच दम उरलेला नसतो, ते सुट्या भागांसाठी खोलतात. एकाचा एसएमपीएस म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, दुसऱ्याची हार्ड डिस्क आणि तिसऱ्याचा बोर्ड मिळून एक चालता संगणक तयार होतो. त्यामुळे दान आलेल्या संगणकांची संख्या आणि शाळेत गेलेल्या संगणकांची संख्या कधीच सारखी नसते. एकाच बनावटीची शंभर यंत्रे एका कंपनीकडून मिळाली, तर ती दुरुस्त करणाऱ्याला सोन्यासारखी वाटतात, कारण त्यांचे भाग एकमेकांत बसतात आणि एका यंत्रावर तयार केलेली प्रणाली उरलेल्यांवर जशीच्या तशी चढवता येते. घरोघरचे एक-एक संगणक गोळा केले, तर प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा शोधावा लागतो. म्हणूनच बहुतेक संस्था हळूहळू घरगुती दानापेक्षा कंपन्या, बँका आणि सरकारी कार्यालयांकडे वळल्या.

देश बदलला की आणखी एक दात मोजावा लागे. अमेरिकेत घरगुती वीजपुरवठा १२० व्होल्टचा, भारतात आणि केनियात २३० ते २४० व्होल्टचा. त्या काळच्या एसएमपीएसवर मागच्या बाजूला ११५ आणि २३० असे आकडे असलेला एक लहान लाल खटका असे. तो ११५ वरच राहिला आणि यंत्र भारतातल्या प्लगला जोडले, तर ते क्षणात जळे. परदेशातून आलेली खेप उघडताना आधी हा खटका पाहावा लागे.

दानकर्त्यांच्या मनात सर्वांत मोठी धास्ती होती ती आपल्या माहितीची. फाइल काढून टाकली किंवा डिस्कला फॉरमॅट मारला, की माहिती गेली, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात त्यामुळे बहुधा फक्त माहितीचा पत्ता पुसला जाई, माहिती डिस्कवर तशीच राही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलात यांनी बाजारातून १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या. त्यांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. चालू स्थितीतल्या १२९ डिस्कपैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांपैकी अनेकांत पत्रे, वैद्यकीय माहिती आणि हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले. या अभ्यासानंतर दुरुस्ती केंद्रांत डिस्कच्या प्रत्येक जागेवर नवे आकडे लिहून जुनी माहिती झाकण्याची पद्धत सक्तीची होत गेली. २००६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने त्यासाठी मार्गदर्शिका काढली. एका डिस्कला यात कित्येक तास लागतात. म्हणून केंद्रांत रात्री दिवे मालवले तरी डिस्क पुसणाऱ्या यंत्रांची रांग चालूच असते. प्रत्येक डिस्कचा क्रमांक आणि पुसल्याची तारीख लिहिलेला दाखला दानकर्त्याला मिळू लागला आणि त्यानंतर बँकांसारख्या संस्थाही संगणक द्यायला तयार झाल्या.

सॉफ्टवेअरची अडचण आणि एका सर्व्हरवरचा वर्ग

यंत्र दुरुस्त झाले तरी त्यावर काय चालवायचे, हा प्रश्न उरे. संगणकाबरोबर आलेला विंडोजचा परवाना डिस्क पुसताना बहुधा हरवे आणि नवा परवाना जुन्या यंत्राच्या किमतीपेक्षा महाग पडे. मायक्रोसॉफ्टने पुढे दुरुस्ती करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थांना अल्प दरात परवाने देण्याची सोय केली. बऱ्याच संस्थांनी मात्र लिनक्स या मोफत प्रणालीचा मार्ग धरला.

या मार्गाला बळ देणारा ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जिम मॅक्विलन यांनी पुढे आणला. वर्गात एकच सशक्त सर्व्हर ठेवायचा आणि बाकीचे जुने संगणक त्याला तारेने जोडायचे. जुन्या यंत्रात हार्ड डिस्क नसली तरी चाले. ते सुरू होताच नेटवर्कवरून आपली प्रणाली मागवी, सगळे काम सर्व्हरवर होई आणि यंत्र फक्त चित्र दाखवण्याचे आणि कळपाटावरची अक्षरे पोहोचवण्याचे काम करी. त्यामुळे १६ मेगाबाइट रॅमचे, कालबाह्य ठरलेले यंत्रही नव्यासारखे वाटे. शिक्षकालाही वीस यंत्रे सांभाळण्याऐवजी एकच सांभाळावे लागे. सर्व्हर बसला की सगळा वर्ग बसे, हे त्यातले उणे होते. पण डिस्कच्या भागातले बिघाडच नाहीसे झाल्याने शाळांना ही व्यवस्था सोयीची पडली.

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात २००० मध्ये ‘फ्री गीक’ या संस्थेने लिनक्सबरोबर आणखी एक कल्पना जोडली. पैसे नसलेल्या माणसाने ठरावीक तास स्वयंसेवा केली की त्याला एक संगणक मिळे. पहिल्या योजनेत हे तास २४ होते. दुसऱ्या योजनेत सहा संगणक स्वतःच्या हाताने जोडायचे, पाच संस्थेला द्यायचे आणि सहावा घरी न्यायचा. त्यामुळे संगणक घरी नेणाऱ्याला तो उघडताही येई आणि बिघडला तर दुरुस्तही करता येई. दान घेणाऱ्याला कामात सामील करून घेण्याची ही रीत नंतर अनेक ठिकाणी उचलली गेली.

कोलंबियातला धडा

कॅनडाच्या नमुन्यावर उभी राहिलेली सर्वांत मोठी योजना कोलंबियाची. राष्ट्राध्यक्ष आंद्रेस पास्त्राना यांच्या सरकारने १९९९ च्या अखेरीस तिला मंजुरी दिली आणि २००० मध्ये ‘कॉम्पुतादोरेस पारा एदुकार’ म्हणजे ‘शिक्षणासाठी संगणक’ ही योजना सुरू झाली. सरकारी खाती आणि कंपन्या संगणक देत, दुरुस्ती केंद्रांत ते तयार होत आणि मुख्यतः ग्रामीण भागातल्या सार्वजनिक शाळांत जात. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी विद्यापीठांची मदत घेण्यात आली. सुट्या भागांचे आणि निकामी यंत्रांचे काय करायचे, याचाही विचार लवकर झाला. बोगोटात निकामी यंत्रे सुटी करून त्यांतला धातू आणि प्लास्टिक वेगळे करण्याचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले आणि जुन्या प्रिंटरांच्या मोटारी वापरून मुलांसाठी यंत्रमानवाचे संच बनवण्यात आले.

या योजनेची तपासणीही कसून झाली. फेलिपे बारेरा-ओसोरिओ आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी ९७ शाळांत दोन वर्षे अभ्यास केला. चिठ्ठी टाकावी त्या पद्धतीने काही शाळा संगणकांसाठी निवडल्या होत्या आणि काही निवडल्या नव्हत्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष निराश करणारा होता. शाळांत संगणक वाढले, मुलांचा वापरही वाढला, पण स्पॅनिश आणि गणितातल्या गुणांवर फारसा परिणाम झाला नाही. कारण शोधल्यावर दिसले, की शिक्षक संगणकाचा उपयोग भाषा किंवा गणित शिकवायला करतच नव्हते. ते मुलांना संगणक कसा वापरायचा, एवढेच शिकवत होते.

याच्या शेजारी बडोद्याचा अनुभव ठेवण्यासारखा आहे. गुजरात सरकारने २००० मध्ये तिथल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. हे संगणक जुने नव्हते, पण अनेक शाळांत ते तसेच पडून होते. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने त्यांवर गणिताचे खेळ बसवले. चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका यंत्रावर दोघे, असे काम सुरू झाले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोजणीत मुलांच्या गणितात स्पष्ट सुधारणा दिसली. यंत्रावर कोणता पाठ आहे आणि मुलाची पाळी आठवड्यातून किती वेळ येते, यावर फळ ठरते, हे या दोन अभ्यासांवरून दिसते. कोलंबियाच्या योजनेतही पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणावर जास्त भर देण्यात आला.

आफ्रिका : दान आणि कचरा

१९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर एड इंटरनॅशनल’ आणि अमेरिकेत ‘वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज’ या संस्था उभ्या राहिल्या. त्यांनी दुरुस्त केलेले संगणक कंटेनरमधून आफ्रिकेत, आशियात आणि लॅटिन अमेरिकेत पाठवायला सुरुवात केली. घेणाऱ्या देशांतही संस्था तयार झाल्या. नैरोबीत २००२ मध्ये ‘कॉम्प्युटर्स फॉर स्कूल्स केनिया’ सुरू झाली. पुढे तिने निकामी यंत्रे सुटी करण्याचे कामही अंगावर घेतले. नामिबियात २००० च्या सुमारास ‘स्कूलनेट नामिबिया’ने शाळांत लिनक्सवर चालणाऱ्या, डिस्क नसलेल्या यंत्रांचे वर्ग उभारले. शिक्षकांना या यंत्रांची भीती वाटू नये म्हणून संस्थेने ‘हाय टी!’ नावाची चित्रकथा काढली. तिथल्या एका भाषेत या शब्दांचा अर्थ ‘ऐका!’ असा आहे. एका खेड्यातल्या शाळेत संगणक येतात आणि मग तिथे काय काय घडते, याच्या त्या गोष्टी होत्या.

या चांगल्या कामाच्या आडून दुसरा व्यवहारही वाढत होता. श्रीमंत देशांत जुना संगणक नियमाप्रमाणे मोडायला पैसे पडतात. तोच ‘वापरलेला माल’ किंवा ‘दान’ म्हणून परदेशी पाठवला तर खर्च वाचतो. ‘बासल ॲक्शन नेटवर्क’ या संस्थेने २००५ मध्ये लागोस बंदराची पाहणी करून सांगितले, की तिथे महिन्याला सुमारे ५०० कंटेनर जुना इलेक्ट्रॉनिक माल उतरतो आणि त्यातला तीन चतुर्थांशापर्यंत माल दुरुस्तीच्या पलीकडचा असतो. तो उघड्यावर जाळला जाई. जुन्या काचेच्या पडद्यात शिसे असते, तारांच्या प्लास्टिकच्या धुरात विषारी वायू असतात. धोकादायक कचऱ्याच्या देशांतरावर बंधने घालणारा बासल करार १९८९ मध्ये झाला आणि १९९२ मध्ये लागू झाला होता. पण संगणक हा माल की कचरा, या प्रश्नाशी तो अडत असे.

अशा अहवालांनंतर प्रामाणिक संस्थांना आपले वेगळेपण सिद्ध करावे लागले. पाठवण्यापूर्वी प्रत्येक यंत्र चालवून पाहणे, त्याची नोंद सोबत देणे आणि आयुष्य संपल्यावर ते कुठे जाणार, हे आधीच ठरवणे या गोष्टी नियमात आल्या. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये अशा पुनर्वापरासाठी स्वतंत्र मानक तयार झाले. काचेचे जाड पडदे घेणे बहुतेक संस्थांनी बंद केले.

गोवा आणि महाराष्ट्र

भारतात शाळेत संगणक आणण्याचा पहिला सरकारी प्रयत्न १९८४-८५ मधला. ‘क्लास’ नावाच्या या प्रकल्पात सुमारे २५० शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. ते नवेच होते. जुन्या संगणकांची वाट उघडली ती सॉफ्टवेअर उद्योग वाढल्यावर. सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कमधल्या कंपन्यांना संगणक विनाशुल्क आयात करता येत. दोन वर्षे वापरल्यावर ते मान्यताप्राप्त, नफा न कमावणाऱ्या शिक्षणसंस्था, धर्मादाय रुग्णालये आणि सार्वजनिक वाचनालये यांना शुल्क न भरता देता येतील, अशी तरतूद होती. पुण्यात अशा पार्कची सुरुवात १९९० च्या दशकाच्या उंबरठ्यावरच झाली. त्यामुळे पुण्यातल्या आणि मुंबईतल्या कंपन्यांचे संगणक शाळांना मिळू शकत होते.

परदेशातून आलेल्या संगणकांचे भारतातले लक्षात राहणारे उदाहरण गोव्याचे आहे. अमेरिकेत गेलेल्या गोमंतकीयांनी आणि गोव्यातल्या स्वयंसेवकांनी मिळून ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ चालवला. ‘वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज’च्या मदतीने अमेरिकेतले वापरलेले संगणक गोव्यातल्या माध्यमिक शाळांत आले. तिथे लिनक्स सर्व्हरला जुनी यंत्रे जोडण्याची पद्धत वापरण्यात आली. शाळा लहान, अंतरे कमी, गावोगावी पालक-शिक्षक संघ आणि परदेशी असलेल्यांचे गावाशी घट्ट नाते, या गोष्टी गोव्यात जुळून आल्या होत्या.

हा आयातीचा मार्ग फार काळ मोकळा राहिला नाही. दानाच्या नावाखाली भंगार येऊ लागल्याने सरकार सावध झाले. २००९ च्या परराष्ट्र व्यापार धोरणात जुने संगणक आणि लॅपटॉप परवान्याशिवाय आयात करण्याला मनाई झाली. १ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम लागू झाले. २०१६ च्या नियमांत दुरुस्ती करून यंत्र पुन्हा वापरात आणणाऱ्याची वेगळी व्याख्या आली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी त्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक केले. यंत्राचे आयुष्य वाढवल्याचा दाखला आता उत्पादकावरच्या कचऱ्याच्या जबाबदारीच्या हिशेबातही धरला जातो.

मराठी शाळांपुढे लिपीचा प्रश्न वेगळा होता. विंडोज ९८ असलेल्या जुन्या यंत्रावर युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकच असलेल्या सांकेतिक व्यवस्थेतली, देवनागरी नीट चालत नसे. प्रत्येक फॉन्टची स्वतःची सांकेतिक व्यवस्था असल्याने एका संगणकावर टाइप केलेला निबंध दुसऱ्यावर अगम्य चिन्हांचा होई. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने देवनागरीसाठी केलेले काम आणि पुढे स्वयंसेवकांनी लिनक्सचे मराठीत केलेले रूपांतर यांमुळे जुन्या यंत्रावरही मराठी मेनू आणि मराठी मजकूर शक्य झाला.

स्वस्तात नवे यंत्रच बनवावे, ही स्पर्धक कल्पनाही याच काळात महाराष्ट्रात आली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या अमेरिकी प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या लहान वस्तीच्या शाळेत झाला. शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवण्याचे उद्दिष्ट त्या किमतीत साधले नाही आणि जुन्या यंत्रांची गरज टिकून राहिली.

शाळेच्या दफ्तरातही एक अडचण असते. दान आलेला संगणक जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत चढला की तो शाळेची मालमत्ता होतो. पुढे तो बंद पडला तरी निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून काढून टाकण्याची, मंजुरी मिळेपर्यंत तो टाकता येत नाही. त्यामुळे कित्येक शाळांच्या कपाटांमागे कापडाने झाकलेले बंद संगणक वर्षानुवर्षे दिसतात. म्हणून अनुभवी संस्था संगणक देतानाच तो परत नेण्याचा करारही करतात.

हिशेब आणि नवी लाट

पुनर्वापराच्या बाजूचा सर्वांत भक्कम हिशेब २००४ मध्ये संयुक्त राष्ट्र विद्यापीठाच्या अभ्यासातून आला. एरिक विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एक टेबलावरचा संगणक आणि १७ इंची पडदा तयार करायला किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड हजार किलो पाणी लागते. संगणकाच्या आयुष्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग तो पहिल्यांदा चालू होण्याआधीच खर्च झालेला असतो. म्हणून जुने यंत्र मोडून धातू काढण्यापेक्षा ते चार वर्षे जास्त वापरणे पर्यावरणाच्या दृष्टीने फायद्याचे ठरते. वीज खूप खाणाऱ्या फार जुन्या यंत्रांना मात्र हा हिशेब लागू पडत नाही.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले. तोवर संगणक शाळेच्या खोलीत हवा होता, आता तो मुलाच्या घरी हवा होता. टेबलावरच्या यंत्रापेक्षा लॅपटॉपला मागणी आली. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२१ मध्ये बीबीसीने लॅपटॉप दानाची मोहीम चालवली. महाराष्ट्रात आणि गोव्यात बहुतेक घरांत स्मार्टफोनच पोहोचला होता, त्यामुळे इथे जुने फोन गोळा करून मुलांना देण्यावर भर राहिला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप नसलेले कोट्यवधी संगणक त्यामुळे एकाच वेळी कार्यालयांना नकोसे झाले. त्यांतले बरेच १९९० च्या दशकातल्या दानापेक्षा कितीतरी सशक्त आहेत. लिनक्स चढवले की ते शाळेत आणखी काही वर्षे सहज चालतील. मात्र काही नव्या लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि बॅटरी चिकटवलेली असते. अशा यंत्रात एका संगणकाचा भाग दुसऱ्याला बसवता येत नाही, आणि तीन निकामी यंत्रांतून एक चालते करण्याची जुनी रीत तिथे थांबते. दानाचा संगणक घेताना आज पडताळायच्या गोष्टींत वय, डिस्क पुसल्याचा दाखला, परवाना, विजेचे मान, शिक्षकाचे प्रशिक्षण आणि परत नेण्याचा करार यांच्या जोडीला ही एक बाब नव्याने आली आहे.